सिलॅबसमध्ये नसलेला पेपर : व्याख्यानं आणि प्रदर्शनं

पुण्यात राहून इंजिनिअरिंग करणाऱ्या कुणालाही शहरातले चार पत्ते झोपेतसुद्धा सांगता येतात : कॉलेज, मेस, झेरॉक्सचं दुकान आणि चहाची टपरी. याच शहरात बहुतेक रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सभागृहात कुणीतरी व्याख्यान देत असतं आणि कुठल्या ना कुठल्या दालनात प्रदर्शन मांडलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी तिकीट नसतं, ओळखपत्र दाखवावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे हजेरी घेत नाहीत. बहुधा हजेरी घेत नाहीत म्हणूनच आपण तिथे दिसत नाही! अशा कार्यक्रमांत मागे उभं राहून पाहिलं तर पुढच्या दहा रांगांत पांढरे केस दिसतात, आणि विशी-बाविशीतली मंडळी दाराजवळ, निघायच्या तयारीत.

मी टीईला आहे, शाखा ई अँड टीसी. गेली दोन-अडीच वर्षं सबमिशन आणि ओरल्स यांच्या मधल्या फटीत जमेल तशी व्याख्यानं ऐकत आले, प्रदर्शनं पाहत आले. त्यावरून माझं असं मत झालंय की हा आपला एक पेपरच आहे. त्याला थिअरी आहे, प्रॅक्टिकल आहे, आणि आपल्याला पुढे नोकरीत ज्याची गरज पडणार आहे असा एक भाग त्यात आहे जो दुसऱ्या कुठल्याच पेपरात शिकवत नाहीत. म्हणून हा लेख अभ्यासाच्या नोट्ससारखा लिहिते आहे. आधी थोडा इतिहास, मग दोन प्रॅक्टिकल, आणि शेवटी पद्धत.

युनिट १ : दीडशे वर्षांची सवय

महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. १८७५ मध्ये त्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. २१ एप्रिल ते २० मे असा महिनाभर, टिळक स्मारक मंदिरात, रोज एक वक्ता आणि रोज वेगळा विषय, ही तिची ओळख आहे. (आपल्या दृष्टीनं हा महिना म्हणजे ऐन परीक्षेचा. रानड्यांच्या वेळी सेमिस्टर पद्धत नव्हती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.)

त्याच १८७५ साली रानड्यांच्या पुढाकारानं स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांनी इथे दिलेली पंधरा व्याख्यानं पुढे 'पुणे प्रवचन' या नावानं पुस्तकरूपानं छापली गेली. व्याख्यानं सगळ्यांनाच आवडली असं नाही. दयानंदांची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी चिखलफेक केली, आणि त्या मिरवणुकीत त्यांच्या बाजूनं रानडे आणि जोतीराव फुले दोघेही होते. म्हणजे जाहीर व्याख्यान हा काही इथे नुसता करमणुकीचा मामला नव्हता. बोलणाऱ्याला आणि बोलावणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागत होती.

आणखी एक उदाहरण. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये भाषण केलं. विषय होता १९३५ च्या कायद्यातली संघराज्याची योजना. चार वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ ला, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला ते पुन्हा तिथेच बोलले. विषय : रानडे, गांधी आणि जिना. ही दोन्ही भाषणं छापील स्वरूपात आजही वाचायला मिळतात. तासाभराच्या बोलण्यासाठी किती तयारी करायची असते हे बघायचं असेल तर ती वाचावीत. आपल्या सेमिनारच्या आदल्या रात्री स्लाइड बनवणाऱ्या सर्वांना (मीही त्यातच!) ही शिफारस.

प्रदर्शनांचीही परंपरा जुनीच आहे. घोले रस्त्यावरचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय हे मुळात एकोणिसाव्या शतकातलं 'लॉर्ड रे इंडस्ट्रियल म्युझियम'. नावातच 'इंडस्ट्रियल' आहे. म्हणजे उद्योगधंद्यांची माहिती सामान्य माणसाला डोळ्यांनी पाहता यावी हा हेतू. बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणजे एका माणसानं आयुष्यभर जमवलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचा साठा. मेकॅनिकलच्या मित्रांनी तिथली कुलपं आणि अडकित्ते नीट पाहावेत. तरफेचा नियम इतक्या नटूनथटून दुसरीकडे कुठे भेटणार नाही. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं. तिथे शेतकरी मशिन कसं पाहतो हे बघण्यासारखं असतं. तो ब्रोशर वाचत नाही. तो वाकून खालचा बोल्ट पाहतो आणि विचारतो, "स्पेअर पार्ट तालुक्याला मिळतो का? बिघडलं तर येणार कोण?" मेंटेनन्स इंजिनिअरिंगचं अख्खं युनिट त्या दोन प्रश्नांत येतं.

युनिट २ : लंबकापुढे दहा मिनिटं (प्रॅक्टिकल क्र. १)

पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ही संस्था सुरू झाली. आवाराची रचना चार्ल्स कोरिया यांची. आत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि एक फुको लंबक आहे. विज्ञान दिनाला आयुकाचं आवार लोकांसाठी खुलं असतं तेव्हा या लंबकापुढे मोठी गर्दी होते. पण माणसं किती वेळ थांबतात? मी एकदा बाजूला उभी राहून अंदाज घेतला. बरेचसे लोक अर्धा मिनिटही थांबत नाहीत. फोटो काढला की पुढे.

आता गणित करू. फुकोनं हा प्रयोग लोकांसमोर मांडला १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये. ६७ मीटर लांबीची तार आणि २८ किलोचा गोळा. पृथ्वी फिरते हे तोवर विद्वानांना ठाऊक होतं. फुकोनं ते रस्त्यावरच्या माणसाला दाखवलं. लंबक एकाच प्रतलात झुलत राहतो, आणि खालची जमीन फिरते म्हणून आपल्याला ते प्रतल हळूहळू सरकताना दिसतं. ध्रुवावर हा वेग तासाला १५ अंश. इतर ठिकाणी १५ ला अक्षांशाच्या साइननं गुणायचं. पॅरिसला तासाला ११ अंशांहून थोडं जास्त येतं. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा, त्यामुळे इथे येतात तासाला फक्त ४.८ अंश. पॅरिसला पूर्ण फेरा बत्तीस तासांच्या आसपास होतो, पुण्यात त्याला सुमारे पंचाहत्तर तास लागतात.

म्हणजे अर्धा मिनिट थांबणाऱ्या माणसाला पुण्यात काहीच दिसणार नाही. दहा मिनिटं थांबलात तर प्रतल ०.८ अंश सरकतं. झोक्याचं टोक मध्यापासून एक मीटरवर जात असेल तर ते जवळजवळ दीड सेंटिमीटर झालं. जमिनीवरच्या एखाद्या खुणेशी डोळ्यांनी सहज ताडून पाहता येईल एवढं. अर्ध्या तासात चार सेंटिमीटर. आणि वेग मोजता आला की उलट गणित करून आपण कुठल्या अक्षांशावर उभे आहोत हे काढता येतं. ना जीपीएस, ना मोबाइल, एक दोरी आणि एक गोळा!

या प्रॅक्टिकलचं कन्क्लूजन असं. प्रत्येक प्रदर्शित वस्तूला तिचा स्वतःचा वेळ असतो, आणि तो आपल्या सोयीनं ठरत नाही. शंभर स्टॉल एका तासात 'करणं' म्हणजे शंभर लंबकांचे फोटो काढणं. त्यापेक्षा तीन निवडावेत आणि त्यांना त्यांचा वेळ द्यावा.

व्हायवात विचारतील असा एक प्रश्न : हवेच्या विरोधामुळे लंबक काही तासांत थांबायला हवा, मग कायम झुलणारे लंबक थांबत का नाहीत? अशा लंबकांना सहसा विद्युतचुंबकानं लयीत हलकासा धक्का देत राहतात. तो धक्का जरा जरी एका बाजूला कलला तर लंबकाची वाट लंबगोल होईल आणि पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावाच बिघडेल. म्हणजे खरं इंजिनिअरिंग त्या न दिसणाऱ्या धक्क्यात आहे. कुठल्याही प्रदर्शनात 'दाखवलंय काय' याच्या जोडीनं 'हे चालू कशानं राहतं' असं विचारायची सवय मला इथून लागली.

नारळीकरांचं २० मे २०२५ रोजी निधन झालं. त्यांची एक पद्धत पुण्यातल्या अनेक घरांत सांगितली जाते. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची, तेव्हा ते म्हणायचे की मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही करीन. सही हवी तर आधी प्रश्न हवा! व्याख्यानाचा उरलेला अर्धा भाग ऐकणाऱ्यानं पूर्ण करायचा असतो, हे यापेक्षा सोप्या रीतीनं सांगता येईल असं मला वाटत नाही.

युनिट ३ : खोडदची जाळी (प्रॅक्टिकल क्र. २)

आता शहराबाहेर जाऊ. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. विद्यापीठाच्या आवारातच असलेल्या एनसीआरए या संस्थेकडे तिचं काम आहे. संकल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची (निधन २०२०). ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या चौदा साधारण एक किलोमीटरच्या चौकोनात, आणि बाकीच्या सोळा इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. दोन-दोन तबकड्यांचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहतात. तीस तबकड्यांच्या जोड्या किती? ४३५. परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा उपयोग काय असं बारावीत विचारणाऱ्यांना हे उत्तर.

४५ मीटर म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा पसारा. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली तर वजन आणि वाऱ्याचा जोर पेलायला खालचा सांगाडा किती अवजड लागेल? स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याऐवजी तारेची जाळी वापरली. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी २१ सेंटिमीटर आणि त्याहून जास्त. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. भोक लहरीच्या मानानं बारीक असलं की लहरीला ते दिसतच नाही, ती जाळीवरून पत्र्यासारखीच परावर्तित होते. वारा मात्र आरपार जातो. ही जाळी ताणलेल्या दोरांच्या कैच्यांवर बसवून तिला पॅराबोलाचा आकार दिला आहे. सिव्हिल, मेकॅनिकल आणि ई अँड टीसी या तिन्ही शाखा एका जाळीत! २०२० मध्ये आयईईई या संस्थेनं जीएमआरटीला 'माइलस्टोन' म्हणून मान्यता दिली. भारतातली ती तिसरी. आधीच्या दोन जगदीशचंद्र बोस यांच्या रेडिओलहरींवरच्या कामाला आणि रामन परिणामाला.

रामन परिणाम म्हणजे २८ फेब्रुवारी १९२८. १९८७ पासून तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. त्याच्या आसपास खोडदला दुर्बीण लोकांसाठी खुली ठेवतात आणि मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. जुन्नर-आंबेगावच्या शाळा, आयटीआय, इंजिनिअरिंग कॉलेजं स्टॉल लावतात. एसटीनं, जीपमधून, ट्रॅक्टरमधून हजारो माणसं येतात. एका वर्षी आमच्या ग्रुपचाही स्टॉल होता : शेतातल्या ओलाव्यानुसार पंप चालू-बंद करणारं सर्किट.

आमच्या स्टॉलवर एक मावशी आल्या, बरोबर नातू. सर्किट पाहून झालं. मग त्यांनी दूरच्या तबकडीकडे बोट करून विचारलं, "का गं पोरी, ही एवढी नाजूक आहे म्हणतात, मग आमच्या मोटारीनं हिला तरास होतो का?"

माझ्या मैत्रिणीला हसू आलं. पण पलीकडच्या स्टॉलवर दुर्बिणीवर काम करणारे एक इंजिनिअर उभे होते, ते चटकन वळून म्हणाले, "मावशी, बरोबर विचारलंत." आणि त्यांनी पाच-सात मिनिटं उत्तर दिलं. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तो मोजायचं एककच मुळी एका चौरस मीटरला, एका हर्ट्झला दहाचा उणे सव्विसावा घात वॉट एवढं आहे. उलट विजेच्या तारांच्या सैल जोडात, मोटारीच्या स्टार्टरमध्ये ठिणगी पडते तेव्हा ती फार थोडा वेळ टिकते. आणि वेळेत जे अरुंद तेच फ्रिक्वेन्सीत रुंद, हे आपण सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये शिकतो. त्यामुळे ती एक ठिणगी सगळ्या बँडभर पसरते. तारांवरच्या ठिणग्यांचा हा उपद्रव ओळखून तो तिथल्या तिथे गाळून टाकणारी यंत्रणा दुर्बिणीच्या नव्या रूपात बसवली आहे. मावशींना बँडविड्थ हा शब्द लागला नाही. "म्हणजे कुजबुज ऐकताना कुणी ताट वाजवलं तसं," असं त्याच म्हणाल्या. इतकं चपखल उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही.

युनिट ४ : दार कुणासाठी उघडं?

मावशींचा प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता हे मला नंतर विचार करताना लक्षात आलं. दुर्बीण खोडदला का उभारली? आजूबाजूच्या डोंगरांमुळे पुण्या-मुंबईचा रेडिओ गोंगाट अडतो, आणि त्या भागात मुळात गोंगाट कमी होता. तो कमीच राहावा म्हणून परिसरात उद्योग उभारण्यावर निर्बंध आहेत. म्हणजे दुर्बिणीची शांतता तिथल्या लोकांच्या सहकार्यावर उभी आहे. पुणे-नाशिक अर्धद्रुतगती रेल्वेचा आधी आखलेला मार्ग याच भागातून जाणार होता. त्यामुळे निरीक्षणांत व्यत्यय येईल असा आक्षेप निघाला आणि २०२५ पर्यंत रेल्वे मंत्रालयानं मार्ग दुसरीकडून न्यायची भूमिका घेतली. जुन्नर, आंबेगाव, खेड भागात त्याबद्दल नाराजी उमटली. 'आमची गाडी दुर्बिणीनं नेली' असं एखाद्याला वाटलं तर त्याला अडाणी म्हणून सोडून देता येणार नाही. त्याचं नुकसान खरं आहे. दुर्बिणीची गरजही खरी आहे.

या दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर कुठे येणार? कोर्टात, मोर्चात, नाहीतर प्रदर्शनाच्या मांडवात. मांडव सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधीचा! म्हणून मी असं म्हणते की खोडदचं ते प्रदर्शन म्हणजे संस्थेनं लोकांवर केलेले उपकार नव्हेत. तबकडी, रिसीव्हर, संगणक यांच्या इतकाच तो दुर्बिणीचा एक भाग आहे. शेजाऱ्यांचा विश्वास उडाला तर सिग्नल फार दिवस स्वच्छ राहणार नाही.

पण दार उघडं ठेवलं म्हणजे झालं का? इथे पुन्हा इतिहासाकडे जावं लागतं. १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. रानड्यांनी फुल्यांना निमंत्रण दिलं. दहा वर्षांपूर्वी मिरवणुकीत एका बाजूला असलेली ही दोन माणसं. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता की जे लोक सर्वांना माणूस म्हणून सारखे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही. निमंत्रण होतं, दार उघडं होतं, तरी आतल्या चर्चेत आपला प्रश्न घेतला जाणार नाही हे त्यांना दिसत होतं.

आजच्या सभागृहांनाही ही कसोटी लावून पाहावी. कार्यक्रमपत्रिकेत 'सर्वांना मुक्त प्रवेश' लिहिलेलं असतं. पण भाषा कुठली आहे? वेळ अशी आहे का की शिफ्टवरून सुटलेला माणूस येऊ शकेल? परत जायला शेवटची बस मिळेल का? मुलींच्या हॉस्टेलचं दार त्यापूर्वी बंद तर होत नाही? आणि शेवटच्या रांगेतल्या माणसानं हात वर केला तर माइक तिथपर्यंत जातो का? आयुकानं शाळेतल्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं वर्षानुवर्षं घेतली, त्यांत इंग्रजीखेरीज मराठी-हिंदीतूनही बोललं जातं. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मी स्वतः मराठी माध्यमातून आले. पहिल्या वर्षी वर्गात अर्धं डोक्यावरून जायचं, तेव्हा आपल्या भाषेत फिजिक्स ऐकून 'अरे, हे तर आपल्याला येतंय' असं जे वाटलं, त्यावर एक सेमिस्टर निघालं.

एका ठिकाणी (नाव सांगत नाही) मी एका फार चांगल्या विषयावरचं व्याख्यान ऐकायला गेले होते. सत्काराला पस्तीस मिनिटं, प्रास्ताविकाला वीस, व्याख्यान सव्वा तास. 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत' असं जाहीर करून मग आभाराला पंधरा मिनिटं. ज्यांनी प्रश्न कागदावर लिहून आणले होते ते कागद खिशात घालून गेले. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी वेळ नाही हे हार-तुऱ्यांच्या आधी ठरतं की नंतर, हे मला अजून कळलेलं नाही!

युनिट ५ : पद्धत

आता कामाची गोष्ट. मला उपयोगी पडलेल्या सवयी देते. आपापल्या सोयीनं बदलून घ्याव्यात.

१. जाण्यापूर्वी विषयावर एक पान वाचावं. एकच. कोरी पाटी घेऊन गेलं तर पहिली वीस मिनिटं शब्द जुळवण्यात जातात.

२. वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत : वक्ता काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, मला कुठे अडतं. दुसरा रकाना रिकामा राहिला तर वक्ता नुसता रंगवून बोलतोय हे आपोआप कळतं. तिसरा रिकामा राहिला तर आपण डुलक्या घेत होतो.

३. प्रश्न एका वाक्यात विचारावा. 'प्रश्न नाही, पण दोन शब्द सांगतो' म्हणणारे काका प्रत्येक सभागृहात असतात. त्यांना मान द्यावा, पण कित्ता गिरवू नये.

४. प्रदर्शनात तीन वस्तू निवडाव्यात आणि स्टॉलवरच्या माणसाला विचारावं, "हे बंद कधी पडतं?" 'कसं चालतं' याचं उत्तर त्यानं पाठ केलेलं असतं. 'बंद कधी पडतं' याचं उत्तर ज्यानं ते हातानं केलंय तोच देऊ शकतो. विकत आणलेलं प्रोजेक्ट आणि केलेलं प्रोजेक्ट यातला फरक या एका प्रश्नात कळतो. (एक्स्टर्नलना हा प्रश्न कृपया कुणी सुचवू नये.)

५. त्याच रात्री मेसमध्ये समोर बसलेल्याला पाच मिनिटांत ते सांगावं. सांगता आलं नाही तर आपल्याला ते समजलेलं नाही. समोरच्याला कंटाळा आला तर आपली पद्धत चुकतेय. दोन्ही गोष्टी फुकटात कळतात.

६. वर्षातून एकदा तरी स्टॉलच्या पलीकडे उभं राहावं. ऐकणारा म्हणून नव्हे, सांगणारा म्हणून.

ही सहावी सवय सर्वांत महत्त्वाची. आपल्यापैकी कुणी रस्ते बांधेल, कुणी टॉवर उभारेल, कुणी धरणावर किंवा औष्णिक केंद्रावर काम करेल. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. ती जनसुनावणी म्हणजे काय? जाहीर व्याख्यान आणि प्रदर्शनच. फरक एवढाच की समोर बसलेल्या माणसाची जमीन, पाणी, हवा पणाला लागलेली असते. मंचावर आपल्यासारखाच कुणी इंजिनिअर नकाशा घेऊन उभा असतो. त्याला डिझाइन येत असतं. पण 'आमच्या विहिरीचं काय होणार?' या प्रश्नाला त्यानं कधी तोंडच दिलेलं नसेल तर तो इंग्रजी शब्दांमागे लपतो, आणि समोरचा माणूस समजून जातो की आपल्यापासून काहीतरी लपवतायत. मग पुढचं सगळं कोर्टात आणि रस्त्यावर.

खोडदच्या त्या इंजिनिअरनं मावशींना दिलेली सात मिनिटं म्हणूनच मला महत्त्वाची वाटतात. त्यांनी प्रश्नाला आधी 'बरोबर' म्हटलं, मग उत्तर दिलं, आणि होणारा त्रास नाकारला नाही. 'होतो, आणि आम्ही त्यावर हे करतोय' असं सांगितलं. चार वर्षांत आपल्याला चाळीसच्या आसपास पेपर असतात. त्यातल्या एकातही हे येत नाही. आणि नोकरीत पहिल्याच वर्षी हे लागू शकतं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या पेपराचं टाइमटेबल कॉलेजच्या नोटीस बोर्डवर लागणार नाही. ते पेपरातल्या 'आजचे कार्यक्रम' या बारीक अक्षरांतल्या रकान्यात असतं, आयुकाच्या फाटकावर असतं, टिळक रस्त्यावरच्या फलकावर असतं. पुढच्या २८ फेब्रुवारीला ज्यांना खोडदला यायचंय त्यांनी आपलं नाव मराठी विभागाच्या वहीत लिहावं. नावापुढे एक रकाना मोकळा ठेवला आहे. त्यात तिथे विचारायचा एक प्रश्न लिहायचा. प्रश्नाशिवाय नाव धरलं जाणार नाही.